८० मीटरचा वाद

नकाराचं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात कामाचं वाक्य एकच होतं: अर्जदार ८० मीटरपेक्षा जास्त चालू शकतात, सबब ब्लू बॅज देता येत नाही. इंग्लंडमध्ये बॅज नाकारताना कौन्सिलला कारण लेखी द्यावं लागतं. बहुतेक ज्येष्ठ मंडळी ते पत्र घडी घालून खणात ठेवतात आणि विषय संपवतात. आमच्या भागातल्या मराठी लोकांचे फॉर्म भरायला मी मदत करते. मला विचाराल तर खरं काम त्या पत्रापासूनच सुरू होतं.

ब्लू बॅज म्हणजे अपंगांसाठीची पार्किंगची सवलत, आणि ती मिळते गाडीला नव्हे, माणसाला. १९७०च्या कायद्यातून ही सवलत आली. तेव्हा बॅज नारिंगी होता, २००० सालापासून निळा झाला. तो काचेपाशी ठेवला की दुहेरी पिवळ्या रेषेवरसुद्धा ३ तास गाडी लावता येते, फक्त तिथे माल चढवण्या-उतरवण्यावर बंदी नसावी. गाडी मुलगा चालवत असला तरी हरकत नाही, बॅजवाला माणूस सोबत असला म्हणजे झालं.

पीआयपी हा अपंगत्व भत्ता ज्यांना मिळतो आणि त्यात चालण्याच्या रकान्यात किमान ८ गुण असतात, त्यांना बॅज बिनचौकशी मिळतो. ते नकाराचं पत्र ज्यांना आलं, त्या आमच्या मावशींची अडचण इथेच होती. (मावशी नात्यातल्या नव्हेत, पुढच्या गल्लीतल्या, मूळच्या इचलकरंजीच्या.) पेन्शनचं वय उलटलं की पीआयपी नव्याने मागता येत नाही. त्यानंतर मिळू शकतो तो अटेंडन्स अलाउन्स, आणि बॅजसाठी त्याचा उपयोग शून्य. म्हणजे ज्यांचे गुडघे खरोखर झिजलेत, त्या वयाच्या माणसांना तपासणीच्या वाटेनेच जावं लागतं.

मावशींच्या कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली आहे, स्पायनल स्टेनोसिस. या दुखण्याचा स्वभाव फसवा. पहिली काही पावलं माणूस ठीक चालतो, मग पाय जड होतात, पोटऱ्या पेटतात, आणि बसलं की पुन्हा उतार पडतो. पुढे वाकलं तरी बरं वाटतं. म्हणून सुपरमार्केटात ट्रॉलीवर रेलून मावशी अर्धा तास फिरतात आणि बाहेर रस्त्यावर बसस्टॉपपर्यंत पोचत नाहीत.

तपासणीचा अहवाल आम्ही कौन्सिलकडून मागवला. स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा हक्क कायद्याने आहे, पैसे पडत नाहीत, एरवी महिन्याभरात कागद हाती येतो. मी तरी त्याशिवाय फेरविचाराचं पत्र लिहायला घेत नाही. अहवालात होतं: टॅक्सीने आल्या, प्रतीक्षागृहात बसल्या, कॉरिडॉरमध्ये चालल्या, चाल स्थिर, न थांबता. ‘खरेदी स्वतः करतात’ असंही होतं. तपासणाऱ्या फिजिओने लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं! पण कॉरिडॉर सपाट, गालिचा घातलेला, आणि त्याआधी मावशींना चांगली विश्रांती मिळालेली. ट्रॉलीबद्दल कोणी विचारलं नाही, मावशींनी सांगितलं नाही.

त्या सांगणारही नव्हत्या. वेदना किती, असं विचारल्यावर त्यांनी हसून ‘नॉट टू बॅड’ म्हटलं होतं. पाहुण्यासमोर दुखणी उगाळायची नाहीत, ही त्यांची शिस्त. माझ्यापुढेही तेच. “अगं, कशाला रडगाणं लिहितेस? त्यांना काय, आपल्यासारखे हजार येतात.” मी म्हटलं, “मावशी, रडगाणं नकोच आहे. मला घड्याळ हवंय.”

८० मीटर हा आकडा कायद्यात नाही, सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतला आहे. तिथेही तो एकटा नाही. वेग, थांबे, चालण्याची ढब, वेदना, धाप, बाहेरच्या रस्त्यावर काय होतं, हे सगळं एकत्र पाहावं असं त्याच सूचनांत आहे. मिनिटाला ४० मीटरही कापता येत नसतील तर ती चाल अत्यंत मंद समजावी, असंही आहे. काही कौन्सिली यातला पहिला आकडा तेवढा उचलतात आणि त्याची भिंत करतात.

तेव्हा आम्ही रस्ता मोजला. मावशींच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत, सुताराच्या टेपने. त्यांचा मुलगा फोनवर वेळ लावून मागे चालत होता. एका भिंतीला टेकून मावशी पहिल्यांदा थांबल्या त्या ३५ मीटरवर. पुढचा टप्पा त्याहून आखूड. पोचल्यावर दुकानातल्या खुर्चीवर किती वेळ बसल्या, तेही मांडलं. त्यांना हा प्रकार अजिबात आवडला नव्हता. शेजारीण खिडकीतून बघत होती.

डॉक्टरांचं पत्र मुलाने आधीच आणून ठेवलं होतं. ‘यांना बॅजचा फायदा होईल’ असं त्यात लिहिलेलं. या वाक्याने काहीच साधत नाही, फायदा कोणाला होणार नाही? भारतातून आलेल्या आपल्या लोकांचा भरवसा दाखल्यावर फार. तिकडे युडीआयडी कार्डावर अपंगत्वाची टक्केवारी असते, ४० टक्क्यांची रेघ ओलांडली की बरंच काही मिळतं. इथे टक्का कोणी विचारत नाही, रोगाचं नावही पुरेसं नाही. प्रवासात चालताना काय होतं तेवढंच विचारतात, आणि ते निदान ३ वर्षं टिकणारं हवं. त्यामुळे आम्ही डॉक्टरांचं ते पत्र मागे ठेवलं आणि हॉस्पिटलचा एमआरआय रिपोर्ट, औषधांची यादी, पेन क्लिनिकच्या नोंदी पुढे केल्या.

फेरविचाराचं पत्र एका पानात बसवलं. अहवालातलं एकेक विधान आणि त्याच्याखाली आमचं उत्तर. ‘न थांबता चालल्या’: हो, पण किती मीटर, ते अहवालात नाही. ‘खरेदी करतात’: ट्रॉलीवर रेलून, आणि या आजारात असं का होतं ते पेन क्लिनिकच्या नोंदींत आहे. शेवटी मागणी: पुन्हा तपासणी करायची तर बाहेर, रस्त्यावर करा. भेदभाव, अन्याय वगैरे शब्द मुलाला घालायचे होते; मी खोडले. ते शब्द वाचून अधिकाऱ्याच्या हातात नवं काहीच पडत नाही.

हे सगळं अखेर कौन्सिलच्याच टेबलावर जातं, आणि ते मला खटकतं. याच इंग्लंडमध्ये कौन्सिलने पार्किंगचा दंड ठोकला तर त्याविरुद्ध स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. बॅज नाकारला तर असं न्यायाधिकरण नाही. कौन्सिलची तक्रारप्रक्रिया संपवून ऑम्बुड्समनकडे जाता येतं, पण ते बॅज देऊ शकत नाहीत. निर्णय घेताना चूक झाली का एवढंच पाहतात आणि झाली असेल तर पुन्हा विचार करायला सांगू शकतात. पार्किंगच्या दंडासाठी न्यायाधीश, आणि म्हातारीच्या घराबाहेर पडण्यासाठी तक्रारअर्ज.

मावशींना तिथवर जावं लागलं नाही. दुसऱ्या तपासणीला एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई आल्या आणि त्यांना घेऊन इमारतीबाहेर, उताराच्या फुटपाथवर चालल्या. या वेळी मावशींनी खोटं हसू आवरलं. थांबायची वेळ आली तिथे थांबल्या, दुखतंय तिथे दुखतंय म्हणाल्या. बॅज आला, १० पौंड भरून. मुदत ३ वर्षांची; पुढच्या वेळी पुन्हा अर्ज, कदाचित पुन्हा कॉरिडॉर. टेप आणि नोंदींची वही मुलाने गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे.