बिडी विझली, थर राहिला

भाड्याने खोली घेताना वर्ध्यात लोक नळ किती वेळ येतो, खिडकीत कूलर बसतो का, हे विचारतात. आधीचा भाडेकरू खोलीत बिडी-सिगारेट ओढायचा का, हे कुणी विचारत नाही. घरात तान्हं मूल असेल तर हाच प्रश्न आधी विचारावा.

तंबाखूचा धूर खिडकीतून सगळाच बाहेर जात नाही. त्यातलं निकोटीन आणि डांबर भिंत, पडदा, गादी, केस, कपडे यांवर बसतं आणि पुढे बरेच दिवस हळूहळू परत हवेत येत राहतं. याला थर्डहँड स्मोक म्हणतात. झोपायच्या खोलीतल्या पंख्याचं पातं ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. धूळ करडी निघते. ओढणाऱ्याच्या खोलीत फडक्यावर पिवळट-तपकिरी, चिकट डाग येतो. (स्वयंपाकघरात ही परीक्षा करू नका, तिथे फोडणीचं तेलही असंच बसतं.) पण फडकं कोरं निघालं म्हणून निश्चिंत होऊ नये. पिवळेपणा डांबराचा असतो. निकोटीनला रंगच नसतो.

‘रंग मारला की झालं,’ असं घरमालक म्हणतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये जॉर्ज मॅट यांच्या गटाने धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. घरं सरासरी दोनेक महिने रिकामी होती, नव्या भाडेकरूंसाठी स्वच्छही केलेली होती. तरी धुळीत आणि भिंतींवर निकोटीन सापडलं. एवढंच नव्हे, तर तिथे राहायला आलेल्या न ओढणाऱ्यांच्या बोटांवरही ते मिळालं. हे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. गादीचंही तसंच. पिंजून घेतली की गादी फुगते, पण कापूस तोच राहतो.

‘मी बाहेर छपरीतच ओढतो ना बापा, घरात कुठं?’ हे दुसरं नेहमीचं उत्तर. छपरीत ओढल्याने फरक पडतो, तो नाकारू नये. मॅट यांनीच 2004 मध्ये तान्ह्या मुलांच्या घरांची तुलना केली होती. घरात ओढणाऱ्यांच्या मुलांचा तंबाखूच्या विषांशी संपर्क बाहेर ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा 3 ते 8 पट जास्त होता. मात्र बाहेर ओढणाऱ्यांच्या मुलांचाही संपर्क न ओढणाऱ्या घरांपेक्षा 5 ते 7 पट जास्त निघाला. बिडी विझवून बाबा आत येतात, त्याच सदऱ्याने बाळाला छातीशी धरतात. बाळ जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, पडदा चोखतं. मोठ्या माणसाचा फरशीशी एवढा संबंध येत नाही.

कूलर? तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे तरंगता धूर निघून जाईल. भिंतीला चिकटलेलं जाणार नाही. स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा फिरवतो. उदबत्तीने वास झाकला जातो आणि धुरात धुराची भर पडते.

‘शिळ्या धुरात काय दम असणार?’ हा गैरसमज सगळ्यांत घातक. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवलं की, पृष्ठभागावरचं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नायट्रोसामाइन्स तयार करतं. या गटातली काही रसायनं माणसात कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध आहेत. आणि नायट्रस आम्ल येतं कुठून? वाहनांच्या धुरातून, घरातल्या गॅसच्या शेगडीतून. म्हणजे काही विष बिडी विझल्यावर बनतं.

आता उलट्या टोकाचा गैरसमज: अशा खोलीत पाऊल टाकलं की कॅन्सर. तसंही नाही. या थराने पेशींमधल्या डीएनएला इजा होते, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण अशा घरात राहून किती माणसांना कोणता आजार झाला, याचा हिशेब अजून लागलेला नाही. दुसऱ्याच्या ताज्या धुराचं तसं नाही. त्याने जगात दरवर्षी 12 लाखांहून अधिक न ओढणारी माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भीती घालणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश हा फरक गिळून टाकतात.

‘आमच्याकडे खर्रा चालतो, बिडी कोण ओढतं?’ हे अर्धं खरं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे होते, ओढणारे फक्त 3.8 टक्के. खर्ऱ्याने तोंडाची वाट लागते, भिंतीवर हा थर चढत नाही. पण घरात ओढणारा एकच पुरतो.

कायदाही दारापर्यंतच येतो. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम 2008 साली नेमके गांधी जयंतीला लागू झाले, पण स्वतःच्या घराला ते लागू नाहीत. आमच्या जिल्ह्यात तर दारूबंदीही आहे. बिडीचं बंडल मात्र पानठेल्यावर राजरोस मिळतं.

खोली घेतलीच असेल तर रंगाआधी भिंती साबणाच्या पाण्याने धुवा, पडदे-चादरी वारंवार धुवा, जुनी गादी मालकाला परत करा. ओढणाऱ्याने बाळाला घेण्याआधी हात-तोंड धुवावं, सदरा बदलावा. बिडी सोडायचीच असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.