दाराखालून सरकवलेली विधवा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या २५० वर्षांच्या निमित्ताने बेंजामिन फ्रँकलिनचा पतंग पुन्हा जिकडेतिकडे उडतो आहे. मला त्याचा पहिला उद्योग जास्त आवडतो. १७२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो एका पाद्र्याची विधवा झाला.

बॉस्टनमध्ये थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात तो उमेदवारी करत होता. आपलं लिखाण भाऊ छापणार नाही, हे ओळखून त्याने अक्षर बदललं आणि कागद रात्री दाराखालून सरकवला. खाली सही त्या विधवेची: ‘सायलेन्स डूगुड’. भावाच्या मित्रांनी लेख बेंजामिनच्यादेखत वाचला, वाखाणला आणि लेखक म्हणून गावातल्या एकेका विद्वानाचं नाव घेतलं! जेम्सच्या ‘न्यू इंग्लंड कुरंट’ या वृत्तपत्रात अशी १४ पत्रं आली.

बाईंनी कोणाला सोडलं नाही. हार्वर्डमध्ये श्रीमंतांची मठ्ठ पोरं जातात आणि तशीच, फक्त जास्त गर्विष्ठ होऊन बाहेर पडतात, हे त्यांचं निरीक्षण. मृतांवरच्या रडक्या कवितांची तर त्यांनी पाककृतीच दिली: गुण घ्या, मयताचे कमी पडले तर दुसऱ्याचे उसने घ्या. जेम्सला सरकारवरच्या एका टोमण्यापायी तुरुंगात टाकलं, तेव्हा बाई म्हणाल्या की उघड पाप्यापेक्षा सत्तेवर बसलेला धार्मिक ढोंगी देशाचं जास्त वाटोळं करतो. हे लिहिणारा पोरगा शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेला.

इथवर टाळ्या. पण निनावी लेखणी धारदार असली म्हणजे ती बरोबरच असते, असं मानणाऱ्यांनी ‘कुरंट’चा आदल्या वर्षीचा अवतार पाहावा. १७२१ च्या देवीच्या साथीत बॉस्टनमध्ये आठशेहून अधिक माणसं दगावली. कॉटन मॅदर या बड्या पाद्र्याने देवी टोचून घेण्याचा आग्रह धरला. ही युक्ती त्याला ओनेसिमस या त्याच्या आफ्रिकी गुलामाने सांगितली होती. त्या टोचण्यावर सर्वांत जास्त तुटून पडला तो ‘कुरंट’च. मॅदरच्या घरात तर कोणीतरी बॉम्ब फेकला, नशिबाने तो फुटला नाही. विनोद ‘कुरंट’चा सरस होता, आणि खरं होतं पाद्र्याचं.

१७३६ मध्ये फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीनेच गेला. त्याला टोचलेलं नव्हतं. इतर आईबापांनी तरी ही चूक करू नये, म्हणून फ्रँकलिनने ती खंत आत्मचरित्रात स्वतःच्या नावाने लिहून ठेवली.