बिनकर्जी क्लबाचा पहिला हंगाम

2014 च्या वसंतात स्पेनच्या फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत एइबार नावाचा क्लब गुणतालिकेत सगळ्यांच्या वर होता. त्याच्यावर एका युरोचंही कर्ज नव्हतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिसऱ्या श्रेणीत ढकललं जाण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर होती.

कारण होतं 1999 चा एक सरकारी हुकूम. व्यावसायिक क्लबाचं भागभांडवल हे दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या एक चतुर्थांश तरी असलं पाहिजे, असं तो सांगत होता. क्लबांनी बेफाम उधळपट्टी करून बुडू नये, हा त्यामागचा हेतू. पण सरासरी निघणार ती इतरांच्या खर्चावरून. म्हणजे शेजाऱ्यांनी हात सैल सोडला की काटकसरीने राहणाऱ्याचीच तिजोरी अपुरी ठरायची. एइबारकडे सव्वाचार लाख युरोंच्या आसपास भांडवल होतं आणि आणखी 17 लाख 24 हजार हवे होते. मुदत 6 ऑगस्टची. मला हा नियम आजही अन्यायाचाच वाटतो. देणं फेडण्याची ऐपत मोजायची सोडून तो क्लबाचा आकारच मोजत होता.

एइबार हे बास्क प्रांतातलं, बिल्बाओ आणि सान सेबास्तियान यांच्या मधल्या अरुंद खोऱ्यातलं गाव. वस्ती सुमारे 27 हजार. सपाट जमीन कमी, म्हणून इमारती उंच, आणि त्यांना खेटून कारखाने. गावाचा पिढीजात धंदा बंदुका घडवण्याचा. क्लबाच्या खेळाडूंना आजही ‘आर्मेरोस’, म्हणजे बंदूककार, म्हणतात. बंदुकांच्या नळ्या घडवणारे हात पुढे सायकली आणि शिलाई यंत्रांकडे वळले. ओर्बेआ सायकलींचा कारखाना मूळचा इथलाच. 1920 मध्ये बंदूक कामगारांनी सहकारी तत्त्वावर काढलेली ‘आल्फा’ ही कंपनीही इथलीच, शिलाई यंत्रांसाठी नावाजलेली. 14 एप्रिल 1931 रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा सर्वांत आधी याच गावाने केली. यादवी युद्धात विमानांनी गाव भाजून काढलं. क्लब जन्मला तो त्यानंतर, 1940 मध्ये.

अशा गावाने भांडवल कसं उभारायचं, याचं उत्तर गावाच्या सवयीतच होतं. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना उभा करताना शेतकऱ्याशेतकऱ्याकडून भाग गोळा करत, तसे इथे 50 युरोंचे भाग विकायला काढले. अध्यक्ष अ‍ॅलेक्स अरान्साबाल यांनी एक अट ठामपणे लावून धरली. कोणाही एकाला एक लाख युरोंपेक्षा जास्त भाग मिळणार नाहीत. धनाढ्य माणसाने एका सहीत प्रश्न सोडवला असता, पण मग क्लब त्याचा झाला असता. तरुणपणी उसनवारीवर इथे खेळून गेलेल्या शाबी अलोन्सोने मोहिमेला उघड पाठिंबा दिला. पन्नासहून अधिक देशांतून हजारो लोकांनी भाग घेतले आणि जुलैच्या मध्यात, मुदतीच्या तीन आठवडे आधी, रक्कम भरली. तोवर मैदानावर संघाने दुसरी श्रेणी जिंकलीही होती. आदल्या वर्षीच तो तिसरीतून वर आला होता, आणि आता एइबार ला लीगामध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, खेळणारं आजवरचं सगळ्यात लहान गाव ठरलं. तान्ह्या बाळांसकट सगळं गाव बार्सेलोनाच्या कॅम्प नौमध्ये नेऊन बसवलं, तरी जवळजवळ पाऊण स्टेडियम रिकामं राहिलं असतं.

पहिला सामना 24 ऑगस्ट 2014 रोजी, घरच्या इपुरुआ मैदानावर. तेव्हा तिथे जेमतेम पाच-सहा हजार प्रेक्षक मावत; पलीकडच्या इमारतींच्या गच्च्यांतून खेळ दिसे तो वेगळा. समोर सान सेबास्तियानचा रेआल सोसिएदाद, म्हणजे प्रांतातला थोरला भाऊच. मध्यंतराच्या तोंडावर हावी लाराने फ्री किकवर चेंडू जाळ्यात धाडला आणि एइबार 1-0 ने जिंकला. प्रशिक्षक गायस्का गारितानो यांच्या संघात मोठं नाव एकही नव्हतं, पण प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला उसंत न देण्याची शिस्त होती. नोव्हेंबरात रेआल माद्रिदने इथे येऊन चार गोल केले, तरी निम्मा हंगाम सरला तेव्हा 19 सामन्यांत 27 गुण आणि आठवा क्रमांक होता.

पुढचे 19 सामने मात्र पाहवत नाहीत. त्यांत मिळाले फक्त आठ गुण. जानेवारीत बचावफळीचा आधार राउल अल्बेन्तोसा इंग्लंडच्या डर्बी काउंटीत गेला. पैशाच्या बळावर त्याला रोखून धरणं एइबारला शक्य नव्हतं. ऐपतीपलीकडे एक पैसा खर्चायचा नाही म्हटल्यावर राखीव फळी पातळच राहते. त्याची किंमत फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजावी लागते. सगळा दोष एका खेळाडूच्या जाण्यावर टाकता येणार नाही, पण तिथून संघाचा कणा मोडला, असं मला वाटतं.

23 मे 2015, शेवटचा दिवस. एइबारने कोर्दोबाला 3-0 ने हरवलं आणि कान दुसऱ्या मैदानांकडे लावले. कॅम्प नौवर देपोर्तिवो 0-2 असा मागे होता. त्याने बरोबरी साधली. ग्रानादाने अ‍ॅटलेटिको माद्रिदला गोलशून्य रोखलं. तिन्ही संघांचे 35 गुण झाले. आपसांतल्या सामन्यांचा हिशेब एइबारच्या विरोधात गेला. अठरावा क्रमांक आणि परत दुसरी श्रेणी. गारितानो यांनी पद सोडलं.

जून उजाडला आणि लीगने तेराव्या क्रमांकावरच्या एल्चेला खाली पाठवलं. त्याने मैदानावर 41 गुण कमावले होते, पण कराची देणी थकवली होती. रिकामी झालेली जागा एइबारला मिळाली. याला नशीब म्हणणारे अनेक भेटतील. मला ते पुरतं पटत नाही. कागदपत्रांची तपासणी झाली, तेव्हा एइबारच्या वहीत लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि ते एका वर्षात जमलेलं नव्हतं.

गारितानो यांच्या जागी होसे लुइस मेंदिलिबार आले. 2004-05 मध्ये, दाविद सिल्वा संघात असताना, त्यांनीच प्रशिक्षक म्हणून एइबारला दुसऱ्या श्रेणीत चौथं आणून बढतीच्या उंबरठ्यापर्यंत नेलं होतं. या वेळी ते सहा हंगाम राहिले. संघ एकदा नववा आला, आणि 2021 मध्ये खाली उतरेपर्यंत ला लीगामध्ये सलग सात हंगाम खेळला.