न्हाणीघरात गालिचा घालावा काय?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत घरांचे रूप पालटले आहे. पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक घरांची डागडुजी झाली, आणि परसातली न्हाणी घराच्या आत आली. तिच्याबरोबर चकचकीत टाइल्सही आल्या. दिसायला नामी, पण साबणाचे पाणी पडले की त्यांवर पाय ठरत नाही. घरात सासूबाई सत्तरीच्या, सून पोटुशी. मग कोणीतरी सुचवते की गालिचाच अंथरून टाकू. पाय घसरणार नाही आणि पाहुण्यांनाही बरे दिसेल.

ही कल्पना मूळची थंड मुलखातली. इंग्लंडमध्ये १९७०-८० च्या सुमारास न्हाणीघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालण्याची टूम होती. तेथे माणूस टबात बसून आंघोळ करतो. पाणी टबात, जमीन कोरडी. तरीही ओल आणि कुबट वासामुळे ती टूम पुढे मागे पडली. आपण तर बादली-तांब्याने जमिनीवरच आंघोळ करतो. माणशी १५ ते २० लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या घरात रोज ७५ ते १०० लिटर पाणी फरशीवर पडते. कपड्यांचे पाणी निराळेच.

त्यात आपला पावसाळा. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दिवसचे दिवस दमट हवा. भात चांगले न वाळवता पोत्यात भरले तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. गालिच्याचेही तेच होते. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की तिला बुरशी लागते, आणि आषाढात न्हाणीघरातला गालिचा वाळणार कधी? ही बुरशी दमेकऱ्याला आणि लहान मुलांना बाधते. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलाचे पाय तेथेच धुतले जातात. तो गाळ तंतूंत बसतो. खाली गोमी आसरा धरतात. गोंदाने चिकटवलेला असेल, तर खाली पाणी कोठे मुरते आहे हेही कळत नाही.

पाहुण्यांचे म्हणाल, तर मोठ्या हॉटेलातसुद्धा गालिचा खोलीत असतो, न्हाणीघरात नव्हे.

काही घरांत प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा टाकतात. तो पाणी पीत नाही, पण त्याच्याखाली साबणाचा राप आणि शेवाळ साठते. गोणपाट तर त्याहून धोक्याचे. ओल्या टाइलवर ते पायाखालून सरकते, आणि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

तेव्हा घसरण थांबवायची ती फरशीतच. नवे बांधकाम असेल तर खडबडीत टाइल किंवा पॉलिश न केलेली शहाबादी घ्यावी. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने त्यावर अ‍ॅसिड ओतू नये; दगड खातो. शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरीने घासून काढावे. मात्र ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. टाइल्स आधीच बसवल्या असतील, तर भोके असलेली रबरी चटई आंघोळीपुरती घालावी व लगेच उचलून टांगावी. भिंतीत कमरेइतक्या उंचीवर धरायला स्टीलची दांडी बसवावी. साध्या लोखंडाला आपली खारी हवा गंज आणते.

गालिच्याची हौस असेलच तर ती उंबऱ्याबाहेर भागवावी, आणि तीही काथ्याच्या पायपुसण्याने. नारळाची सोडणे महिनोन्‌महिने पाण्यात भिजवून काढलेला हा धागा ओलीला सहजी कुजत नाही. दोन पायपुसणी ठेवावीत. एक वापरात, एक वाळत.

राहिला उतार. चार फुटांना एक इंच उतार मोरीकडे हवा. गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाच मिनिटांनी कोठे थारोळे दिसले, तर तेवढी फरशी उचलून पुन्हा बसवून घ्यावी.