बुखाऱ्यातील मुक्काम : आधी चूल, मग खोली

आपल्या सोपारा बंदरातून जशी गलबते निघत, तसे एके काळी मध्य आशियातील बुखारा नगरीतून उंटांचे तांडे निघत. १८३२ साली तेथे गेलेल्या अलेक्झांडर बर्न्स यांनी सुमारे ३०० हिंदू व्यापाऱ्यांची नोंद केली आहे. ते बहुतांशी सिंधमधील शिकारपूरचे असून स्वतःच्या वेगळ्या सराईत राहत. परमुलखात आपला आचार सांभाळायचा, तर निवासाची निवड किती मोलाची, हे यावरून उमजते. आज उझबेकिस्तानच्या सहलीचा बेत आखणाऱ्या जैन कुटुंबांपुढेही हाच प्रश्न असतो.

मोठ्या हॉटेलांत लिफ्ट व प्रशस्त खोल्या मिळतात; मात्र सकाळच्या न्याहारीत अंडी व मांस एकाच मेजावर मांडलेले असते आणि स्वयंपाकघरात पाहुण्याला प्रवेश नसतो. याउलट जुन्या शहरात व्यापाऱ्यांची कित्येक घरे आता अतिथिगृहे झाली आहेत. मधल्या अंगणाला तेथे ‘होवली’ म्हणतात. आपल्या ‘हवेली’चेच ते भावंड. अशी घरे बहुधा कुटुंबेच चालवितात, त्यामुळे बोलणी थेट यजमानांशी होतात. आठ-दहा जणांनी सारे घरच घेतले, तर चूल वापरण्याची परवानगी मागणे सोपे जाते. जिने मात्र उंच असतात. वृद्धांसाठी तळमजल्याची खोली मागावी.

केवळ ‘शाकाहारी’ म्हणणे पुरेसे नाही. तेथील ‘ओश’ या भातात गाजर व कांदा असतो, आणि कित्येकदा मेंढीची चरबीही. म्हणून मांस, अंडे, चरबी, कांदा, लसूण व कंदमूळ वर्ज्य असल्याचे आरक्षणापूर्वीच लेखी कळवावे. आपली भांडी व कोरडा शिधा सोबत असावा. फळे, सुका मेवा तेथे मुबलक मिळतो.

पाण्याविषयी विशेष दक्षता हवी. १६२० सालचा ‘लब-ए-हौज’, म्हणजे हौदाचा काठ, आज शहराची शोभा आहे. पण अशाच हौदांच्या पाण्यातून पूर्वी नारू पसरत असे. सोव्हिएत काळात बहुतेक हौद बुजविले गेले आणि रोग हटला. नारू टाळण्याचा साधा उपाय म्हणजे पाणी कापडाने गाळणे. आपल्या घरांत जयणेपोटी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नळाचे पाणी थेट न पिता, गाळून उकळण्याची सोय यजमानांकडे आहे का, ते विचारावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूही पाहावा. मे महिन्यात तेथे सूर्यास्त साडेसातनंतर होतो, डिसेंबरात साडेपाचपूर्वीच. चैत्री ओळीनंतर व चातुर्मासाआधीचा काळ त्या दृष्टीने सोयीचा. मात्र जून फार तापतो. मुक्काम जुन्या शहरातच असावा, म्हणजे दर्शनीय स्थळांहून सूर्यास्तापूर्वी पायी परतता येते.

परदेशी पाहुण्याची सरकारी नोंदणी निवासचालकच करतो. तिची पावती जपून ठेवावी.

चूल, पाणी आणि भोजनाची वेळ या तीन प्रश्नांना जो यजमान स्पष्ट उत्तरे देईल, त्याच्याकडेच उतरावे.