पाणी लागलेला गीझर

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. त्याच पावसात सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात घराघरांत शिरलं. पुराचं पाणी लागलेला गीझर वरून वाळलेला दिसला तरी वायरमनने अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासल्याशिवाय चालू करू नये. गीझरच्या इतर तक्रारी अशा:

• नळाला झिणझिण्या: मेन स्विच बंद, मग परवानाधारक वायरमन.

• आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो: वीज गळतेय. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो. तो पुन्हापुन्हा वर करू नये.

• पाणी कोमटच: थर्मोस्टॅट बिघडलेला किंवा कॉइलवर क्षारांचा थर.

• गळती: जोडाची असेल तर प्लंबर; टाकी गंजली असेल तर बहुधा टाकीच बदलावी लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र गरम होताना थोडा टपकतोच, कारण पाणी प्रसरण पावतं. तो बुजवणं जीवघेणं.

२ किलोवॅटच्या गीझरला १६ अँपिअरचाच सॉकेट.