ब्रेक दिव्याचा स्विच

जुन्या बुलेट किंवा येझदीचा मागचा ब्रेक दिवा लागेनासा झाला, की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात. शेपटीचा दिवा जळत असेल तर बल्ब ठीकच, असेही धरतात. दोन्ही घाईचे. त्या बल्बमध्ये सहसा दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा) असतात, ५ वॅटची शेपटीसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. एक तुटली तरी दुसरी जळत राहते.

ब्रेक स्विचला ब्रेक लागला की नाही, हे कळत नाही. त्याला कळते ती फक्त पेडलची हालचाल. फ्रिजचे दार उघडताच आतला दिवा लावणाऱ्या बटणासारखेच हे काम. पेडल दाबले की छोटी स्प्रिंग स्विचचा दांडा ओढते आणि आतले संपर्क जुळतात. त्यामुळे दिवा लागला म्हणजे ब्रेक चांगला, असे मुळीच नाही.

तपासणी सोपी आहे. चावी चालू करून स्विचच्या दोन्ही वायर काढा आणि एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर दोष स्विचचा किंवा ढिल्या स्प्रिंगचा. नाही लागला तर बल्ब, फ्यूज आणि अर्थिंग (सांगाड्याशी असलेली परतीची जोडणी) पाहा. जुन्या गाडीत गंजलेली अर्थिंग फार छळते. दिवा सतत जळत असेल तर स्प्रिंग जास्त ताणलेली असू शकते.

मागचा ब्रेक आवळला, की स्विचही पुन्हा जुळवून घ्या.